चॉकलेट-बनाना मफिन घरी: केळं तोलून, हात आवरून

चॉकलेट-केळ्याचे मफिन बिघडतात ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. केळं डोळ्यांच्या अंदाजाने घातलं जातं आणि मैदा पडल्यावर मिश्रण गरजेपेक्षा जास्त ढवळलं जातं. ओव्हन, कोको, चॉकलेट यांचा नंबर त्यानंतर लागतो. पिकलेल्या केळ्यात वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतं. त्यामुळे ‘दोन केळी’ एवढंच लिहिलेली कृती एका घरी हलकी, जाळीदार उतरते आणि दुसऱ्या घरी गिच्च. कृती तीच, केळ्यांचा आकार वेगळा.

म्हणून इथली सगळी मापं वजनात आहेत आणि कृती सहा मफिनची आहे. घरगुती ओटीजीत (ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) साधारण सहा खणांचाच ट्रे बसतो. बाराचं मिश्रण एकदम कालवलं तर उरलेलं अर्धं मिश्रण पहिला घाणा निघेपर्यंत ओट्यावर वाट बघत बसतं, तेवढ्यात सोड्याचा जोर ओसरतो आणि दुसरा घाणा बसका होतो. बारा हवे असतील तर दोनदा कालवा. मेहनत पाच मिनिटांचीच वाढते.

साहित्य (६ मफिन)

मैदा – १०० ग्रॅम (पाऊण कप आणि १ मोठा चमचा)
कोको पावडर, बिनसाखरेची – २० ग्रॅम (पाव कप)
बेकिंग पावडर – पाऊण छोटा चमचा
बेकिंग सोडा – पाव छोटा चमचा, सपाट
मीठ – पाव छोटा चमचा
साखर – ७० ग्रॅम (एक तृतीयांश कप आणि १ छोटा चमचा)
केळ्याचा गर, सोलून – १५० ग्रॅम
रिफाइंड सूर्यफूल तेल – ३ मोठे चमचे (४५ मिली)
अंडं – १, फ्रिजमधून आधी काढून ठेवलेलं
दही – २ मोठे चमचे, ताजं आणि घट्ट
व्हॅनिला इसेन्स – अर्धा छोटा चमचा
डार्क चॉकलेट – ५० ग्रॅम, चिरून
इन्स्टंट कॉफी – पाव छोटा चमचा, हवी असल्यास

कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा. घरातली वाटी आणि पोह्याचा चमचा इथे चालणार नाहीत. विशेषतः सोड्याच्या बाबतीत नाहीच, कारण पोह्याचा चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो. मैदा कपाने मोजणार असाल तर चमच्याने हलका भरा आणि वरून सुरीने सपाट करा. कप थेट डब्यात खुपसला की मैदा दाबला जातो आणि १०० ग्रॅमच्या जागी सहज १२० ग्रॅम पडतो. डिजिटल वजनकाटा घेतलात तर ही सगळी कटकट संपते. बेकिंग नियमित करायचं असेल, तर महागड्या साच्यांच्या आधी काटा घ्यावा असं आमचं ठाम मत आहे.

केळं: कोणतं, किती पिकलेलं

बाजारात मिळणारं लांब, मोठं केळं बहुधा ग्रँड नैन जातीचं असतं. जळगाव-रावेर पट्ट्यातून येतं तेही बव्हंशी हेच. सोलल्यावर त्याचा गर साधारण १०० ते १२० ग्रॅम भरतो, म्हणजे या कृतीला दीड केळं पुरतं. वेलची केळी घेतलीत तर तीन ते चार लागतील. वेलची केळ्याचा गर जास्त घट्ट आणि गोड असतो, वासही दाट येतो, त्यामुळे कोकोच्या जोडीला ते छान टिकून राहतं. साखर १० ग्रॅमने कमी करून वेलची केळ्यांचे मफिन एकदा जरूर करून बघा. राजेळी केळी मात्र यासाठी घेऊ नका. त्यांचा गर मुळात घट्ट आणि पिठूळ असतो. ती सुकेळी, हलवा किंवा उकडून खाण्यासाठीच उत्तम.

पिकण्याची पायरी रंगावरून ठरवा. साल नुसती पिवळी असेल तर केळं खायला तयार आहे, बेकिंगला नाही. कच्च्या केळ्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त पिष्ट असतं, पिकत जाताना त्याची साखर होते आणि पूर्ण पिकल्यावर पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येतं. सालीवर भरपूर तपकिरी ठिपके आले, देठाजवळचा हिरवेपणा पूर्ण गेला आणि केळं हातात मऊ लागलं, की ते मफिनला योग्य. साल जवळजवळ काळी झाली तरी चालते, पण आतला गर फिकट आणि वास गोड हवा. दारूसारखा किंवा आंबूस वास येत असेल, गर पाणचट तपकिरी झाला असेल, तर ते केळं फेका. बेकिंगमध्ये तो वास दबत नाही, उलट गरम झाल्यावर जास्त जाणवतो.

केळी अजून पिकायची असतील तर जुनी युक्ती चालते: तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवा, नाहीतर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर बांधा. फळातून निघणारा इथिलीन वायू आतच राहतो आणि केळी एक-दोन दिवसांत तयार होतात. कच्ची केळी फ्रिजमध्ये टाकू नका. थंडीने साल काळी पडते, पण आत पिकण्याचं काम थांबलेलं असतं. वरून तयार दिसणारं केळं आत कडक आणि तुरट निघतं. सालीसकट ओव्हनमध्ये भाजून केळी ‘पिकवण्याचा’ उपायही सांगितला जातो. त्याने गर मऊ होतो, गोडवा फारसा वाढत नाही.

जास्त पिकलेली केळी साठवायची असतील तर सोलून, तुकडे करून, १५० ग्रॅमची एकेक पुडी करून फ्रीझरमध्ये ठेवा. सालीसकट गोठवलेलं केळं सोलणं हा फार वैतागाचा प्रकार आहे. गोठवलेला गर वितळला की बाजूला तपकिरी पाणी सुटतं. ते केळ्याचंच आहे, त्यात गोडवा आणि स्वाद दोन्ही असतात, त्यामुळे ओतून देऊ नका.

गर ताटलीत काट्याने चेचा. मिक्सरमधून फिरवू नका. मिक्सरमध्ये त्याची एकजीव, चिकट, फेसाळ पेस्ट होते आणि मफिन आतून सगळीकडे सारखाच ओलसर, दडदडीत लागतो. काट्याने चेचताना वाटाण्याएवढे थोडे तुकडे राहिले तर भाजल्यावर तिथे केळ्याची मऊ, गोड जागा तयार होते. ती हवीच आहे.

कोको आणि सोडा यांचं नातं

कोकोचा डबा घेताना मागचा घटकांचा मजकूर वाचा. नुसतं ‘कोको’ किंवा ‘कोको सॉलिड्स’ लिहिलं असेल तर तो नैसर्गिक कोको: रंगाने फिकट तपकिरी, चवीला किंचित आंबट. ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणून ५०० किंवा ५०१ हे आकडे असतील तर त्या कोकोवर क्षाराची प्रक्रिया झालेली आहे. त्याचा रंग गडद असतो, चव गोलसर असते आणि आंबटपणा गेलेला असतो. या प्रक्रियेला ‘डच’ म्हणतात.

बेकिंग सोड्याला फुलण्यासाठी आम्ल लागतं. या मिश्रणात आम्ल तीन ठिकाणांहून येतं: दही, केळं आणि नैसर्गिक कोको. डच कोको घेतलात तर त्यातला एक आधार जातो, म्हणूनच कृतीत सोडा पाव चमचाच ठेवून बाकीचा भार बेकिंग पावडरवर टाकला आहे. तिच्यात तिचं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. अशा रीतीने दोन्ही प्रकारचे कोको चालतात. सोडा अर्धा चमचा केला तर मफिन जास्त फुलतील असं वाटतं, पण आम्लाशिवाय उरलेला सोडा साबणासारखी, जिभेला बोचणारी चव सोडतो. चॉकलेटचा केक खाऊन घशाशी खवखव झाली असेल, तर तिथे हेच घडलेलं असतं.

ड्रिंकिंग चॉकलेट आणि दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी म्हणजे कोको नव्हे. त्यांत कोको थोडा आणि साखर बरीच असते, त्यामुळे इथे त्या उपयोगाच्या नाहीत.

सोडा आणि बेकिंग पावडर जिवंत आहे का, हे आधी तपासा. चमचाभर बेकिंग पावडर कढत पाण्यात टाकली की जोरात फसफसली पाहिजे. सोड्यावर लिंबू पिळा, तोही तसाच उसळला पाहिजे. पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यातली पावडर फार लवकर सादळते. गुठळ्या झालेली असेल तर परीक्षा घेण्यातही अर्थ नाही.

चॉकलेटचंही तसंच. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘डार्क कंपाउंड’ची लादी स्वस्त मिळते. तिच्यात कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी असते. ती भाजली तरी आकार टिकवते, पण तोंडात मेणासारखा थर बसतो. ५० ते ६० टक्क्यांचं खरं डार्क चॉकलेट घ्या. अमूलचं ५५ टक्क्यांचं किराणा दुकानातही मिळतं आणि या कामाला पुरेसं चांगलं आहे. सुरीने ओबडधोबड चिरा: काही तुकडे हरभऱ्याएवढे, बाकी चुरा. चुरा मिश्रणात विरघळून चव वाढवतो, मोठे तुकडे आत वितळून राहतात. १५ ग्रॅम बाजूला काढून ठेवा, ते वरून लावायचं आहे.

मिश्रण

सगळ्यात आधी ओव्हन लावा. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, २०० अंश सेल्सिअस, किमान १५ मिनिटं. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांच्या आत विझला तरी त्यावर विसंबू नका. हवा तापलेली असते, भिंती तापलेल्या नसतात, आणि दार उघडताच तापमान कोसळतं. ट्रेमध्ये कागदी कप लावून ठेवा.

छोट्या कढल्यात तेल बोटाला चटका बसेल इतपत गरम करा, धूर येऊ देऊ नका. गॅस बंद करून त्यात कोको आणि कॉफी घाला आणि चमच्याने घोटा. गडद, चकचकीत लेप तयार होईल. कोकोतला बराचसा स्वाद चरबीत उतरतो. गरम तेलात तो मोकळा होतो आणि कोकोच्या न फुटणाऱ्या गुठळ्यांचा प्रश्नही मिटतो. लेप कोमट होऊ द्या, नाहीतर पुढे अंडं शिजेल.

मोठ्या भांड्यात चेचलेलं केळं, साखर आणि मीठ एकत्र करून पाच मिनिटं ठेवा. साखरेने केळ्याला पाणी सुटतं आणि साखर विरघळायला लागते. मग दही, व्हॅनिला, कोकोचा लेप आणि शेवटी अंडं घालून व्हिस्कने मिनिटभर चांगलं फेटा. इथे हात आखडायचं कारण नाही. मैदा अजून पडलेला नाही, त्यामुळे कितीही फेटलं तरी बिघडत नाही. तेल वर तरंगताना दिसेनासं झालं आणि मिश्रण चकाकलं, की झालं.

दुसऱ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर आणि सोडा दोनदा चाळा. सोड्याची एखादी गुठळी राहिली तर ती एका मफिनमध्ये कडू, पिवळा ठिपका होऊन बसते.

आता शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. कोरडं मिश्रण ओल्यावर एकदम ओता. रबरी उलथनं भांड्याच्या कडेने तळापर्यंत न्या, खालचं मिश्रण वर आणून दुमडा, भांडं थोडं फिरवा, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा. मैद्याच्या पांढऱ्या रेघा अजून दिसत असतानाच थांबा, ३५ ग्रॅम चॉकलेट घाला आणि आणखी तीन-चार वेळा दुमडा. बस्स. लहान गुठळ्या दिसतील, त्या भाजताना आपोआप ओल्या होऊन मुरतात.

ज्यांचा हात इराणी बेकरीसारखा मावा केक करण्यावर बसलेला आहे, त्यांना इथे थांबणं जड जातं. तिथे लोणी-साखर फेसून हवा आधीच भरलेली असते आणि लोण्याची चरबी मैद्याला आवरते. इथे मैदा थेट पाणीदार मिश्रणात पडतो. ढवळलं की लगेच ग्लूटेनचे, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात, वायू त्या धाग्यांतून वाट काढत वर जातो, आणि कापल्यावर मफिनमध्ये तळापासून टोकापर्यंत लांब बोगदे दिसतात. असा मफिन टोकदार फुगतो, चावताना रबरासारखा ताणतो आणि दुसऱ्या दिवशी वातड होतो. इलेक्ट्रिक बीटर या टप्प्यावर कपाटातच राहू द्या.

मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. चमचा तिरका केला की क्षणभर थांबून ढेकळासारखं पडलं पाहिजे. वाहत असेल तर केळं जास्त झालं आहे. घट्ट गोळा होत असेल तर दुमडतानाच एक मोठा चमचा दूध घाला. पातळ मिश्रणाला पूर्ण कालवून झाल्यावर मैदा लावू नका, ढवळणं वाढेल आणि दोन दोष एकत्र येतील. तसंच भाजा, तीन-चार मिनिटं जास्त द्या आणि पुढच्या वेळी गर तोला.

प्रत्येक कपात साधारण ८० ते ८५ ग्रॅम मिश्रण बसतं, म्हणजे कप पाऊण भरून थोडा वर. आइस्क्रीमच्या स्कूपने भरलं तर सगळे सारखे होतात. वर बाजूला ठेवलेलं चॉकलेट लावा आणि लगेच ओव्हनमध्ये घाला. ट्रे ओट्यावर आपटायची गरज नाही.

भाजणं

ओटीजीमध्ये ट्रे मधल्या खाचेत ठेवा. ओव्हन लहान असेल आणि वरची कॉइल मफिनच्या डोक्यापासून चार बोटांपेक्षा जवळ येत असेल तर एक खाच खाली. पहिली सहा मिनिटं २०० अंश, मग दार न उघडता १७५ अंश, आणखी १२ ते १४ मिनिटं. सुरुवातीच्या तीव्र आचेने बेकिंग पावडर झपाट्याने काम करते, कडा पटकन बसतात आणि मधला भाग वर उसळून घुमट येतो. सुरुवातीपासून १७० ठेवलं तर मफिन शिजतील, पण सपाट राहतील. पहिली १४ मिनिटं दार उघडायचं नाही. मध्यभाग तोवर फुगलेल्या वायूवरच उभा असतो, थंड हवा लागली की बसतो आणि पुन्हा उठत नाही.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २० अंशांचा फरक सर्रास असतो. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर एकदा वापरून आपल्या यंत्राचा स्वभाव जाणून घ्या, त्याचा उपयोग नानकटाईपासून पावापर्यंत सगळीकडे होतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, म्हणून १८० अंशांवर प्रीहीट करून १७० अंशांवर १६ ते १८ मिनिटं. ट्रे खालच्या जाळीवर. मोड फक्त कन्व्हेक्शनचा, कॉम्बिनेशनचा नाही, कारण त्यात सूक्ष्मलहरीही चालू राहतात आणि धातूच्या साच्यासोबत ठिणग्या उडू शकतात. एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर १३ ते १५ मिनिटं, सिलिकॉनच्या किंवा धातूच्या वाट्यांत. नुसता कागदी कप पंख्याच्या झोताने कलंडतो.

ओव्हन नसेल तर जाड ॲल्युमिनियमची किंवा बीडाची कढई घ्या. नॉनस्टिक नको, रिकामी तापवल्याने तिचा थर खराब होतो. कुकरही पाण्याशिवाय तापवणं टाळलेलं बरं. तळाशी बोटाच्या पेराएवढा मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मिश्रण कागदी कप लावलेल्या छोट्या वाट्यांत भरून आत ठेवा, एकमेकींना आणि कढईच्या भिंतीला न चिकटता. आच मंद करा आणि २५ ते ३० मिनिटं द्या. झाकणाला आतून सुती फडकं लावून त्याची टोकं वर बांधा, म्हणजे वाफेचं पाणी मफिनवर टपकणार नाही. टोकं ज्योतीपासून दूर आहेत हे पाहा. कढईतले मफिन वरून कोरडे, चिरलेले होत नाहीत, थोडे ओलसरच राहतात, पण आतून छान जमतात. मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या बेकिंगला तेच चालतं. स्वयंपाकात वापरू नका.

शिजलं हे कसं ओळखायचं

साध्या केळ्याच्या मफिनला सोनेरी रंग येतो आणि तो बघून निर्णय घेता येतो. इथे मिश्रण कच्चं असतानाही तपकिरी आणि शिजल्यावरही तपकिरी, त्यामुळे डोळे कामाचे नाहीत. बोटाने मधोमध हलकं दाबा: खळगा लगेच भरून आला तर शिजला, ठसा राहिला तर आणखी दोन मिनिटं. मग टूथपिक घाला. ती काळी, चकचकीत निघाली तर घाई करू नका, वितळलेल्या चॉकलेटच्या तुकड्यातून गेली असेल. दुसऱ्या जागी पुन्हा घाला. कच्चं मिश्रण मळकट, पाणीदार आणि चिकट दिसतं, वितळलेलं चॉकलेट गुळगुळीत आणि दाट. टूथपिकला दोन-चार ओलसर कण चिकटून आले पाहिजेत. अगदी कोरडी निघेपर्यंत ठेवलंत तर मफिन थंड झाल्यावर कोरडे होतात. खुपसायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९८ अंश.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यातच राहू द्या, मग जाळीवर काढा. त्याहून जास्त वेळ साच्यात ठेवले तर स्वतःच्याच वाफेने तळ भिजट होतो. कागद लगेच सोलू नका. गरम असताना निम्मा मफिन कागदाला चिकटून येतो, अर्ध्या तासाने तोच कागद सरळ सुटतो.

बिघडलं तर

मध्यभाग खचला असेल तर आधी भाजण्याची वेळ तपासा, मग केळ्याचं वजन, मग दार कधी उघडलं ते. सोडा-पावडर जास्त झाली तरीही हेच होतं: मफिन भराभर वर येतो आणि शिजून घट्ट होण्याआधीच बसतो. तळाशी रबरासारखा गडद, चिकट पट्टा दिसला तर केळं जास्त किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. चॉकलेट सगळं तळाशी गेलं तर मिश्रण पातळ होतं. तुकड्यांना मैदा चोळण्याने फारसा फरक पडत नाही, घट्ट मिश्रण हाच उपाय. वरचा भाग करपला आणि आत कच्चट राहिला तर ट्रे वरच्या कॉइलच्या जवळ होता. पुढच्या वेळी एक खाच खाली ठेवा किंवा चौदाव्या मिनिटानंतर वर फॉइल सैल टाका. मफिन एकाच बाजूला कलले तर ओव्हनची एक बाजू जास्त तापते आहे, चौदाव्या मिनिटाला ट्रे फिरवा.

बदल करायचे असतील तर

बिनअंड्याचे करताना अंडं काढा, दही दोनऐवजी पाच मोठे चमचे घ्या आणि बेकिंग पावडर एक छोटा चमचा करा. सोडा तेवढाच. केळं बांधून ठेवण्याचं काम बऱ्यापैकी करतं, पण अंड्याचा आधार नसल्याने मफिन नाजूक होतात. दोन-तीन मिनिटं जास्त भाजा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कागद काढू नका. दही आंबट असेल तर चव बदलते, ताजंच घ्या.

चपातीची कणीक निम्म्यापर्यंत चालते: ५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक, आणि वर एक मोठा चमचा दूध, कारण चक्कीची कणीक पाणी जास्त ओढते. पूर्ण कणकेचे मफिन पौष्टिक म्हणून केले जातात, पण ते जड होतात. नाचणीचं पीठ मात्र चॉकलेटशी रंगाने आणि चवीने मस्त जुळतं. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम नाचणी घाला. त्याहून जास्त घातली तर घास सुटसुटीत, रवाळ लागतो आणि मफिन हातात तुटतात.

साखरेच्या जागी गूळ पावडर तेवढ्याच वजनाने घ्या, केळ्यात पूर्ण विरघळवून. साखर ५५ ग्रॅमपर्यंत उतरवता येते, पण केळी काळ्या ठिपक्यांची असली तरच. त्याखाली गेलात तर गोडी कमी होतेच, शिवाय ओलावाही जातो, कारण साखर पाणी धरून ठेवते. तेलाऐवजी साजूक तूप वितळवून घेता येतं. स्वाद सुरेख येतो, पण थंडीत मफिन घट्ट होतात. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास कोकोवर मात करतो. अक्रोड घालायचे असतील तर ३० ग्रॅम, कोरडे भाजून, चॉकलेटच्या वेळीच.

ठेवणं

केळ्याचे मफिन दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि केळ्याचा वास मुरतो. पूर्ण गार झाल्यावर डब्यात तळाशी आणि वर टिश्यू पेपर घालून ठेवा, तो सुटलेला दमटपणा टिपतो. थंडीत दोन दिवस बाहेर टिकतात. मुंबई-कोकणात, पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात एका दिवसानंतर फ्रिजमध्ये टाका, कारण एवढ्या ओलाव्यात बुरशीला वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये आणखी तीन दिवस. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर. सकाळी शाळेच्या डब्यात गोठलेलाच टाकला तर मधल्या सुट्टीपर्यंत मऊ होतो. घरी खाताना मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद गरम करा, फ्रीझरमधून थेट काढला असेल तर ३० ते ४० सेकंद. आतलं चॉकलेट पुन्हा वितळतं, पण ते मफिनपेक्षा जास्त तापलेलं असतं, तेव्हा लहान मुलांना देताना मिनिटभर थांबा.